वाचनालयाच्या खात्याला आलेला ‘केवायसी’चा मेल

मार्चअखेर म्हणजे सार्वजनिक वाचनालय चालवणाऱ्यांच्या नाकी नऊ आणणारा काळ. अनुदानाचा हप्ता खात्यावर पडायचा असतो, पुस्तकखरेदीची बिलं भागवायची असतात, कर्मचाऱ्यांचे पगार त्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेले असतात आणि वर्षाच्या हिशेबाची जुळणी एकतीस तारखेच्या आत व्हावी लागते. आमचं वाचनालय सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ‘ब’ वर्गातलं. मी तिथली मानद खजिनदार. मार्च २०२५मध्ये, ऐन या घाईत, वाचनालयाच्या ईमेलवर बँकेच्या नावाने एक मेल आला. त्यानंतर काय काय करावं लागलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण त्या वेळी मला असं सलग लिहिलेलं मराठीत कुठे सापडलं नव्हतं.

मेलचा मजकूर साधारण असा होता : आपल्या संस्थेच्या खात्याचं केवायसी (खातेदाराच्या ओळखीची कागदपत्रं आणि माहिती) अद्ययावत नाही, आज रात्रीपर्यंत ते पूर्ण न केल्यास खात्यातून रक्कम काढणं आणि खात्यात रक्कम जमा होणं दोन्ही थांबवलं जाईल, खालील दुव्यावर जाऊन माहिती भरा. वर बँकेचं बोधचिन्ह, खाली बँकेचाच नेहमीचा इशारा, ‘आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका’. वाचनालयाचं पूर्ण नाव बरोबर, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही बरोबर. मराठी शुद्ध, अगदी ऱ्हस्वदीर्घासकट.

‘फसवणुकीच्या मेलमध्ये भाषेच्या चुका असतात, त्यावरून तो ओळखावा’ असं अजूनही भाषणांतून सांगतात. तो सल्ला आता जुना झाला. चांगली मराठी लिहून देणारी साधनं हल्ली कोणालाही मिळतात. खाते क्रमांकाचं म्हणाल, तर आम्हीच दरवर्षी देणगीच्या आवाहनात खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड छापतो. गावातल्या प्रत्येक मंडळाच्या, देवस्थानाच्या पावतीवर तो असतो. समोरच्याला आपलं नाव आणि खात्याचे आकडे ठाऊक आहेत, एवढ्याने तो बँकेचा माणूस ठरत नाही.

आणि केवायसीची मागणी तरी अगदी निराधार कुठे असते? रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांना ग्राहकांचं केवायसी ठरावीक मुदतीने खरोखरच नव्याने घ्यावं लागतं. जास्त जोखमीचं मानलेलं खातं असेल तर दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीचं असेल तर आठ आणि कमी जोखमीचं असेल तर दहा. म्हणजे अशी खरी पत्रंही येतात, खरे मेलही येतात. त्यामुळे मेल वाचल्याबरोबर ‘हे खोटं आहे’ असं कोणाच्या मनात आलं नाही, यात मला कोणाचाही भोळेपणा दिसत नाही.

मेल आमच्या ग्रंथपालबाईंनी उघडला. आमची पद्धत अशी होती : नेट बँकिंगवर बिलाची नोंद बाई करायच्या, ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा, बाई फोन करून तो विचारायच्या आणि मी सांगायचे. बहुतेक लहान संस्थांमध्ये असंच चालतं. खजिनदार स्वतःच्या नोकरीधंद्यात, आणि कारकुनी काम वाचनालयातल्या एकुलत्या एका पगारी माणसावर.

त्या दुपारी माझ्या मोबाइलवर ओटीपी येऊन पडला आणि पाठोपाठ बाईंचा फोन.

“ताई, ओटीपी आला असेल बघा. केवायसी करून टाकते. नाहीतर रात्री खातं बंद होतंय म्हणे आणि हप्ता परत जायचा.”

मी मेसेज उघडला. सहा आकडे सांगण्याआधी पूर्ण मेसेज वाचला आणि थबकले. तिथे केवायसीचा उल्लेखच नव्हता. लिहिलं होतं की हा ओटीपी नवीन लाभार्थी जोडण्यासाठी आहे, आणि लाभार्थीच्या खात्याचे शेवटचे आकडे दिले होते. लाभार्थी म्हणजे ज्याच्या खात्यावर आपल्या खात्यातून पैसे पाठवायचे तो. आमच्या यादीत पुस्तकविक्रेते, बाइंडर, वीजबिल, एवढेच. हे आकडे त्यांच्यातल्या कोणाचेही नव्हते.

“बाई, आत्ता काही भरू नका. ते पान बंद करा. मेल मात्र पुसू नका, आहे तसा राहू द्या. तिथे पासवर्ड टाकलात का?”

“टाकला.” पलीकडे क्षणभर शांतता. मग त्यांचा आवाज बदलला. “काही चुकलं का हो माझं?”

“नाही. तुम्ही फोन केलात ना, बरं झालं. मी बघते आता.”

मी हे त्यांची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. त्यांनी ‘टाकला’ हे एका शब्दात, लगेच सांगितलं म्हणून पुढची सगळी कामं वेळेत झाली. त्या वेळी मी आवाज चढवला असता, तर कदाचित त्या म्हणाल्या असत्या, ‘नाही, नुसता मेल उघडलाय.’ आणि मी पासवर्ड सुरक्षित आहे असं धरून चालले असते.

आम्ही बोलत असतानाच नेमकं काय घडत होतं ते पुढे कळलं. बाईंनी ज्या पानावर पासवर्ड भरला ते पान बँकेचं नव्हतं, पण पलीकडे बसलेला माणूस तीच माहिती त्याच क्षणी बँकेच्या खऱ्या पानावर टाकत होता. तो आत शिरला, त्याने स्वतःचं खातं लाभार्थी म्हणून घालायला सुरुवात केली आणि खऱ्या बँकेने खरा ओटीपी माझ्याकडे पाठवला. मेसेज बनावट नव्हता. बनावट होतं ते फक्त बाईंना पानावर दिसलेलं कारण. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे आपण सगळे पाठ म्हणतो, पण इथे तो मागणारा माणूस अनोळखी नव्हता. रोजच्या विश्वासातली, सचोटीने काम करणारी बाई तो मागत होती आणि तिलाही दुसऱ्या कुणी फसवलेलं होतं. अशा वेळी मदतीला येतं ते त्या सहा आकड्यांच्या आजूबाजूचं वाक्य. हा ओटीपी कशासाठी आहे, किती रकमेचा आहे, कोणाला जाणार आहे, हे बँक त्यात लिहिते. ते वाचायला पाच सेकंदही लागत नाहीत.

फोन ठेवते न ठेवते तोच दुसरा आला. “मॅडम, बँकेच्या मुख्य कार्यालयातून बोलतोय. आपलं केवायसी अर्धवट राहिलंय, आलेला कोड सांगा.” बोलणं सौम्य, अदबीचं. नंबर साधा दहा आकडी मोबाइलचा. सेवेसंबंधीच्या फोनसाठी बँकांनी १६००ने सुरू होणारे क्रमांकच वापरावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५मध्ये सांगितलेलं होतं, ते मला आठवलं. पण आठवलं नसतं तरी उत्तर तेच होतं. मी फोन कापला.

मग बँकेला फोन. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. बँकेचा नंबर मेलमधून घ्यायचा नाही आणि घाईघाईत इंटरनेटवर शोधूनही घ्यायचा नाही. शोधल्यावर वर येणाऱ्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकांमध्ये भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात, आणि घाबरलेला माणूस नेमका त्यांच्याच हाती लागतो. मी कपाटातून पासबुक काढलं आणि त्यावर छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. ज्यांच्याकडे डेबिट कार्ड आहे त्यांना तो कार्डाच्या मागेही मिळेल. यंत्राचा आवाज, हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, मग बराच वेळ संगीत. शेवटी माणूस मिळाला. “नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेला आहे, लाभार्थी जोडण्याचा प्रयत्न झाला आहे, आत्ताच्या आत्ता नेट बँकिंग बंद करा,” एवढंच मी म्हटलं. त्याने खातेदाराची खातरजमा केली, सुविधा बंद केली आणि तक्रार क्रमांक दिला. तो क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव मी रोजकीर्दीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

संध्याकाळी वाचनालयात गेले तेव्हा बाई टेबलापाशी नुसत्या बसून होत्या. पुस्तकं बदलायला आलेली मंडळी रांगेत उभी. आधी बाईंना चहा दिला आणि देवघेव मीच उरकली. मग आम्ही दोघी संगणकापुढे बसलो आणि जे व्हायला नको होतं ते दिसलं : नेट बँकिंगचा जो पासवर्ड, तोच ईमेलचाही. लक्षात राहावा म्हणून असं अनेक ठिकाणी केलेलं असतं. म्हणजे बँकेचं दार बंद केलं तरी टपालपेटी उघडीच होती. वाचनालयाचा ईमेल ज्याच्या हाती जाईल तो अनुदानाचा पत्रव्यवहार वाचू शकतो, पुस्तकविक्रेत्यांना आमच्या नावाने लिहू शकतो, ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे’ असं देणगीदारांना कळवू शकतो.

म्हणून ईमेलचा पासवर्ड बदलला, तोही माझ्या लॅपटॉपवरून. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली. कोणकोणत्या यंत्रांवर हा ईमेल उघडलेला आहे ती यादी तपासून सगळीकडून बाहेर पडण्याची आज्ञा दिली. आलेले मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये असते. भामटे ती गुपचूप चालू करून ठेवतात आणि पासवर्ड बदलल्यावरही मेल त्यांच्याकडे जात राहतात. तिथे काही नव्हतं. मात्र ईमेल परत मिळवण्यासाठी नोंदलेला मोबाइल क्रमांक निघाला चार कार्यकारिणींपूर्वीच्या कार्यवाहांचा, आणि ते गाव सोडून मुलाकडे राहायला गेलेले. तो बदलला. मेलला एक एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये वेबपानासारखी उघडणारी) जोडलेली होती, सुदैवाने ती बाईंनी उघडली नव्हती. तरी संगणकाची विषाणू तपासणी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाखेत. सोबत अध्यक्षांच्या आणि माझ्या सहीचा अर्ज, मेलची आणि मेसेजची छापील प्रत, फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक. शाखेतले साहेब सज्जन, पण मार्चअखेर त्यांनाही होती. “पैसे गेले नाहीत ना मॅडम? मग अर्ज कशाला, पासवर्ड बदला, झालं.” मी म्हटलं, “साहेब, पोच हवी.” पोच मिळेपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही.

हा हट्ट का, ते सांगते. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, यावर तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक लागू होतं. त्याचा गाभा वेळेत होता. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच काही घडलं, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. पण पासवर्ड किंवा ओटीपी ग्राहकाकडूनच बाहेर गेला असेल तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आमचा पासवर्ड आमच्याकडूनच गेला होता. म्हणजे आमच्या दृष्टीने ‘आम्ही कधी कळवलं’ या एका गोष्टीवर सगळं अवलंबून होतं, आणि ते सिद्ध करायला शिक्क्याची पोच हवी. लोकवर्गणीचे आणि अनुदानाचे पैसे आहेत. उद्या सर्वसाधारण सभेत कोणी विचारलं तर तोंडी उत्तर चालणार नाही.

शाखेत आणखी तीन गोष्टी समोर बसून तपासून घेतल्या. लाभार्थ्यांच्या यादीत नवं नाव शिरलेलं नाही ना; खात्याशी जोडलेला मोबाइल आणि ईमेल बदललेला नाही ना; व्यवहाराची कमाल मर्यादा कोणी वाढवलेली नाही ना. तिन्ही जागच्या जागी होतं. अनुदानाचा हप्ता त्याच आठवड्यात जमा झाला. खात्यात रक्कम येणं त्या मेलमुळे थांबणार नव्हतंच.

इतकं झाल्यावर बरेच जण म्हणाले, आता विषय सोडा. मला तसं वाटलं नाही. तोच मेल आणखी कितीतरी संस्थांना गेलेला असणार, आणि प्रत्येक ठिकाणचा खजिनदार मेसेज वाचेलच असं नाही. म्हणून तो योग्य जागी पोचवायचं ठरवलं.

त्यात एक तांत्रिक खुबी आहे. मेल नुसता ‘फॉरवर्ड’ केला की त्याच्या मूळ प्रवासाच्या खुणा गळून जातात. तो मूळ स्वरूपात उतरवून घेऊन जोडपत्र म्हणून पाठवावा लागतो. संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक केलं की मूळ मजकूर दाखवण्याचा पर्याय येतो आणि तिथूनच तो उतरवता येतो. हे मला आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने दाखवलं. तो मूळ मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचं जंगल. पण त्याने बाईंना आणि मला शेजारी बसवून तो उलगडून दाखवला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या तासाभराने.

जुन्या पोस्टकार्डावर जसे वाटेतल्या कचेऱ्यांचे शिक्के असायचे, तसे मेलवरही प्रत्येक सर्व्हरचे शिक्के असतात आणि ते खालून वर वाचायचे. पाठवणाऱ्याचं नाव म्हणून आपल्याला जे ठळक दिसतं, ते पाठवणाराच टाइप करतो. तिथे बँकेचं नाव कोणीही लिहू शकतं. त्याच्यामागचा खरा पत्ता निघाला परदेशातल्या कुठल्यातरी लहान कंपनीचा. उत्तर जाण्याचा पत्ता तिसराच. मग तो मुलगा म्हणाला, “मावशी, हे बघा, गंमत इथे आहे.” एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्या असतात आणि या मेलपुढे तिन्हींत ‘पास’ लिहिलेलं होतं. मी गोंधळले. त्याने समजावलं की ‘पास’चा अर्थ मेल बँकेचा आहे असा नाही. ज्या पत्त्यावरून आला असं तो म्हणतो, त्याच पत्त्यावरून तो खरोखर आला, एवढाच त्याचा अर्थ. त्या परदेशी कंपनीचा मेलच बहुधा कोणीतरी ताब्यात घेतला होता. घर फोडणाऱ्याने चोरीच्या गाडीतून यावं आणि गाडीची कागदपत्रं मात्र बरोबर निघावीत, तसं झालं होतं.

दुव्याचंही तसंच. मेलमध्ये बँकेचा पत्ता निळ्या अक्षरात छापलेला, पण त्यावर माउस नुसता नेला, क्लिक न करता, की खाली दिसायचा पत्ता वेगळाच. पत्त्यात बँकेचं नाव होतं, पण सुरुवातीला. संकेतस्थळाचा खरा मालक कळायला सुरुवातीचं ‘https://’ सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत यायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटचे दोनतीन तुकडे ज्याचे, संकेतस्थळ त्याचं. आमच्या दुव्यात ते तुकडे कोणत्याही बँकेचे नव्हते. आणि त्या पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हही होतं, बाईंनी ते पाहिलंही होतं. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या पानात जे बोलणं होईल ते वाटेत कोणी ऐकू शकणार नाही. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही.

‘खोटा पासवर्ड टाकून बघायचा, पान नाकारतं का ते कळतं,’ असं त्या दिवशी जमलेल्यांपैकी एकाने सुचवलं. त्याला मुलाने ठाम नकार दिला. काही खोटी पानं पहिला पासवर्ड मुद्दाम नाकारतात आणि दुसऱ्यांदा विचारतात. अशा पानावर परीक्षा घ्यायला जायचंच नाही.

मग मूळ मेल तीन ठिकाणी पाठवला. बँकेचा अशा तक्रारींसाठीचा वेगळा ईमेल पत्ता असतो, तो शाखेतून लिहून आणला होता. दुसरं, केंद्र सरकारची सर्ट-इन ही संगणक सुरक्षेची संस्था. ती असे मेल आणि दुवे स्वीकारते. तिसरं, गृह मंत्रालयाचं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ. पैसे गेले नसले तरी संशयित दुवा, मोबाइल क्रमांक, ईमेल पत्ता तिथे नोंदवता येतो आणि एखादा क्रमांक आधीच कोणी नोंदवला आहे का, ते शोधताही येतं. मी दुवा, मेल पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तो दहा आकडी मोबाइल क्रमांक असं सगळं नोंदवलं. शिवाय जीमेलमध्येच फिशिंग (बनावट मेलने माहिती उकळणं) म्हणून कळवण्याचा पर्याय असतो, तोही वापरला. पुढे त्या मुलाने सावधपणे तपासलं तेव्हा ब्राउझर त्या पत्त्यावर जाण्याआधीच धोक्याचा इशारा देणारं लाल पान दाखवत होता. ते आमच्या तक्रारीने झालं की आणखी कोणाच्या, याने काय फरक पडतो? कळवणारे अनेक असले की ते लवकर होतं, एवढं मात्र खरं.

हे सगळं गावात कळलं, आणि एके दिवशी आमच्याकडे रोज वर्तमानपत्रं वाचायला येणारे एक निवृत्त काका मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “ताई, माझं पण तसंच झालंय. गुरुवारी.” आणि तो दिवस होता सोमवार. क्रेडिट कार्डाचे जमलेले गुण आज संपणार असा मेल आला होता, त्यांनी ओटीपीही भरला होता आणि पेन्शनच्या बचतीतली मोठी रक्कम गेली होती. चार रात्री ते झोपले नव्हते. मुलाला सांगायची छाती झाली नव्हती. “तो म्हणेल, म्हातारपणी मोबाइल हवाच कशाला.”

तिथल्या तिथे त्यांच्याच फोनवरून १९३० लावला. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. समोरून बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम असं एकेक विचारत गेले. म्हणून पासबुक किंवा बँकेचे मेसेज आधी हाताशी घ्यावेत. नोंद झाली की क्रमांकाचा मेसेज येतो आणि उरलेली तक्रार संकेतस्थळावर पूर्ण करायची असते. ही यंत्रणा पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवते, ती रक्कम तिथे असली तर अडकवून ठेवतात, पुढे सरकली असली तर पुढच्या बँकेला कळवतात. चोर हे पैसे मिनिटामिनिटाने एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतात. काकांच्या रकमेतला थोडासा भाग एका खात्यात अडकलेला सापडला, बाकीचे पैसे एटीएममधून केव्हाच काढलेले होते. अडकलेली रक्कम परत मिळवायला जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात खेपा, मग न्यायालयाचा आदेश. ते पैसे मिळाले, पण गुरुवारी संध्याकाळीच फोन लागला असता तर किती वाचले असते, हा प्रश्न काका अजून विचारतात. त्यांचे पैसे त्या चोराने नेले हे खरं, पण त्याला चार दिवसांचा मोकळा वेळ मिळाला तो घरच्या बोलण्याच्या धास्तीने. याचं मला फार वाईट वाटतं. ज्या घरात वडीलधाऱ्यांना चुकलं तर ऐकून घ्यावं लागतं, त्या घरात अशी बातमी उशिराच पोचणार.

मी त्यांच्या मुलाशी बोलले. तो चिडला नाही, रडला.

वाचनालयात आता पद्धत बदलली आहे. बाईंच्या लॉगिनला फक्त नोंद करण्याचा अधिकार. मंजुरी मी माझ्या लॉगिनने देते, समोर बिल ठेवून. ओटीपी फोनवर विचारणं-सांगणं बंद. बँकेसाठी वेगळा ईमेल पत्ता, जो देणगीच्या पावतीवर किंवा कुठल्याच आवाहनात छापलेला नाही. बँकेच्या मेलमधल्या कोणत्याही दुव्यावर जायचं नाही. काही काम असेलच तर पत्ता स्वतः टाइप करायचा किंवा शाखेत जायचं. मेल खरा की खोटा याचा निवाडा त्यामुळे आम्हाला करावाच लागत नाही. खरा असेल तर तेच काम शाखेतही दिसेल.

याची कसोटी त्याच वर्षाच्या शेवटी लागली. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेचीच संस्था करते. आमच्या बँकेचाही पत्ता बदलला. आणि डिसेंबरमध्ये मेल आला : संस्थेचं केवायसी अद्ययावत करायचं आहे. कार्यकारिणीतल्या एकांनी तो पाहताक्षणी सांगितलं, “पुन्हा तेच, पुसून टाका. पत्तासुद्धा कसला विचित्र आहे बघा.” बाईंनी मेल पुसला नाही आणि कुठे क्लिकही केलं नाही. छापून माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, “ताई, जाता जाता शाखेत विचाराल?”

मेल खरा होता. वाचनालयाच्या केवायसीची मुदत खरोखरच आली होती. संस्थेचं केवायसी म्हणजे व्यक्तीसारखं एका फॉर्मवर भागत नाही : नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, खातं चालवणाऱ्या पदाधिकाऱ्यांबद्दलचा ठराव, त्यांचे आधार आणि फोटो, आणि कार्यकारिणी बदलली असेल तर धर्मादाय कार्यालयात दाखल केलेला बदल अहवाल. आमचा शेवटचा बदल अहवाल अजून मंजूर व्हायचा होता, म्हणून दाखल केल्याची पोच जोडली. शाखेने ती घेतली. मेल आल्याबरोबर दचकून तो पुसला असता, तर ही जुळवाजुळव ऐन मार्चात करावी लागली असती.

साहेबांनी कागद तपासून शिक्का मारला तेव्हा मी विचारलं, “आमच्या खात्याचं पुढचं केवायसी कोणत्या वर्षी?” त्यांनी संगणकात पाहून सांगितलं. ते वर्ष जानेवारीच्या सभेच्या इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे, आणि पासबुकावरचा बँकेचा क्रमांक बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.